विराबूलच्या हवेतलं तांबं

या वर्षी अकरा सप्टेंबरला सरकारदरबारी नोंद झाली, की विराबूल गावच्या ‘पास्को आणि मुलगे’ या ब्राँझ फौंड्रीनं वर्षभरात दोन टन सातशे किलो तांबं हवेत सोडलं.

अशी कुठलीही नोंद झालेली नाही. कुणी दाखवलीच, तर तुम्ही दुसरीकडे बघा. ती नोंद मी केली नव्हती, करताना मी ऑफिसात एकटी नव्हते, आणि ‘पाठवा’ या बटणावर बोट दाबून झाल्यावर "सुटले एकदाची" असं मी म्हटलं नव्हतं.

माझं नाव टॅमसिन रज, वय चोवीस. पदानं मी पास्कोची पर्यावरण अधिकारी. निवड रीतसर झाली. एका सोमवारी मालक नेव्ह पास्को ऑफिसच्या दारात उभा राहिला, आत बसलेल्या तिघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि त्यातल्या त्यात स्वच्छ शर्ट कुणाचा ते ठरवलं.

"टॅम, तो धुराचा फॉर्म यंदा तू भर."

"मला त्यातलं काही कळत नाही, नेव्ह."

"उत्तम. ज्याला कळायचं तो रिटायर झाला."

धुराचा फॉर्म म्हणजे असं. जो कारखाना वर्षाला दहा टन किंवा जास्त तांबं वापरतो, त्यानं जूनअखेरपर्यंतच्या वर्षाचा हिशोब सप्टेंबर संपायच्या आत द्यायचा. आपल्याकडून काय बाहेर गेलं, किती गेलं आणि कशात गेलं. रकाने तीन: हवा, पाणी, जमीन. मग तो आकडा जाहीर होतो आणि देशातल्या कुठल्याही माणसाला घरबसल्या बघता येतो. कुणी बघत नाही. पण बघता येतो, म्हणून सगळे घाबरून असतात.

माझ्या आधीचा केल्विन बावीस वर्षं एकच युक्ती करायचा. वितळवलेल्या धातूच्या टनांना सरकारी पुस्तकातल्या एका चिमुकल्या आकड्यानं गुणायचं. उत्तर यायचं सतरा किलो. दर वर्षी सतरा, कधी सोळा. गुणून झालं की केल्विन मासे पकडायला जायचा.

मी मात्र पुस्तक वाचलं. इथेच सगळं बिघडलं. पुस्तकात मोजायच्या चार पद्धती दिल्या होत्या आणि त्यातली सगळ्यात प्रामाणिक मला वजाबाकीची वाटली. जेवढा धातू आत आला त्यातून जेवढा बाहेर गेलेला दिसतोय तो वजा करा. उरला तो उडाला. यात फसवाफसवीला जागाच नाही असं मला वाटलं, आणि ते खरंच होतं, म्हणूनच पंचाईत झाली.

आत आलं चौसष्ट टन. विकलेलं ओतकाम पंचावन्न टन दोनशे किलो. भट्टीच्या मळीबरोबर गेलं तीन टन नऊशे. गोदामात शिल्लक वाढली एक टन आठशे. राहिलं तीन टन शंभर ब्राँझ. त्यात तांबं दोन टन सातशे. पाण्यात टाकावं तर आमचा ओढा आठ महिने कोरडा. जमिनीत टाकावं तर आवार सगळं डांबरी. तेव्हा मी ते तांबं हवेत टाकलं आणि घरी जाऊन शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मिस रज? मी राज्याच्या पर्यावरण खात्यातून ऑलिव्हंट बोलतोय. तुमच्या धुराड्याबद्दल थोडं विचारायचं होतं."

"विचारा."

"ते अजून उभं आहे ना?"

मी खिडकीतून बघितलं. "आहे."

"रंग?"

"विटकरी."

"हिरवट वगैरे नाही?"

"नाही."

"गावातली छपरं? मेंढ्या?"

"मेंढ्या मेंढ्यांच्याच रंगाच्या आहेत, मिस्टर ऑलिव्हंट."

पलीकडे तो हे लिहून घेत होता. पेनचा आवाज येत होता. मग तो अगदी मायेनं म्हणाला, "कसंय, तुमच्या आकड्याप्रमाणे कामाच्या दर दिवशी तुमच्या धुराड्यातून बारा किलो तांबं बाहेर पडतंय. मागच्या वर्षी पूर्ण वर्षात सतरा किलो पडलं होतं. तेव्हा एक तर तांब्याच्या कळकानं तुमचं गाव हिरवं पडलंय, नाही तर आकडा चुकलाय. तुम्हाला यातलं काय बरं वाटतं?"

"आकडा चुकलेला बरा वाटतो. मी पुन्हा गुणाकार करून पाठवू का?"

"आता नाही जमायचं. गुणाकारावर तुम्ही थांबला असतात तर मी काही विचारलं नसतं. पण तुम्ही वजाबाकी केलीत. तीन टन धातू कुठे गेला हे मला माहीत नाही, आणि मला माहीत नाही हे आता कागदावर आहे." पान उलटल्याचा आवाज आला. "चौदा दिवस देतो. धातू कुठे गेला त्याचा वजनासकट पुरावा पाठवा. खाली मालकाची सही. नाही आला तर आहे तोच आकडा जाहीर होईल."

आता या आकड्याचं आम्हाला एवढं काय, तर ऑक्टोबरमध्ये नगर परिषद आमच्या भट्टीचा परवाना वाढवायचा की नाही यावर मतदान करणार होती. भट्टीच्या कुंपणाला लागून दोन वर्षांपूर्वी बालवाडी आली आहे. बालवाडीच्या डोक्यावर रोज बारा किलो तांबं, हे जाहीर झाल्यावर हात वर करणारा नगरसेवक विराबूलमध्ये जन्माला यायचा होता. भट्टी बंद तर सव्वीस माणसं घरी. मी सत्ताविसावी, पण मला निदान कारण तरी ठाऊक असतं.

मी चहाच्या सुट्टीत शेडमध्ये गेले. बाकांवर सगळे बसले होते. मधोमध नाझ मिफ्सुद. नाझ आमचा सगळ्यात जुना साचेवाला. माल्टाहून पोरवयात आलेला, एक्केचाळीस वर्षं पास्कोकडे, येत्या मे महिन्यात रिटायर होणार. त्याची बायको कार्मेन रोज त्याला सगळ्यांना पुरतील इतक्या पास्तित्सी, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या, बांधून देते आणि तो त्यातल्या सगळ्यांना पुरणार नाहीत इतक्या स्वतः खातो.

"नाझ, तीन टन ब्राँझ कुठे गेलं?" मी विचारलं.

वीस माणसांना एकदम आपापल्या डब्यात काय आहे ते बघावंसं वाटलं.

"कुठलं ब्राँझ?" नाझ म्हणाला.

"जे नाहीये ते."

"नाहीये तर विचारतेस कशाला, पोरी?"

"सरकार विचारतंय. मी सांगितलंय, हवेत गेलं."

नाझनं चावणं थांबवलं. "हवेत? माझ्या भट्टीतून?" त्याला खरोखर लागलं होतं. "एक्केचाळीस वर्षांत माझ्या भट्टीतून एवढंसं वाया गेलेलं नाही. आणि तू मला तीन टनांचा चोर ठरवलंस?"

"चोर नाही, नाझ. धूर."

"ते त्याहून वाईट."

मग कुणीतरी खाकरलं, कुणीतरी बूट बघितला, आणि मला एकदम समजलं. समजायला एवढा वेळ लागला याची मला अजून लाज वाटते, कारण माझ्या स्वतःच्या घरात दार अडवायला सहा किलोचा ब्राँझचा कुकाबुरा पक्षी आहे. वाढदिवसाला याच लोकांनी दिलेला. मी रोज त्याला ठेचकाळते. पण तो कुकाबुरा माझ्या वजाबाकीत कुठेच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पाहुणे.

मालकाच्या भट्टीत, मालकाच्या धातूचं, मालकाच्या वेळेत ओतलेलं आपलं स्वतःचं काम, त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. पाहुणा दुपारी येतो, साच्यातून निघतो, जेवणाच्या पिशवीतून घरी जातो. गावातल्या निम्म्या दारांच्या कड्या पाहुण्या आहेत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकच अडचण आहे, की शेडच्या दाराशी नेव्हच्या आजोबांनी लावलेली पाटी आहे: ‘पाहुणा ओतणाऱ्यास त्याच दिवशी कामावरून काढण्यात येईल.’ आणि हा नियम पास्कोंनी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेवटचा माणूस गेला तो कपड्यांच्या एका खुंटीपायी. ती खुंटी अजून त्याच्या घरी आहे, नोकरी नाही.

"म्हणजे," मी म्हणाले, "खरं लिहिलं तर तुम्ही सगळे जाता. नाही लिहिलं तर भट्टीच जाते."

"आणि पुराव्याखाली सही नेव्हची," कोणीतरी म्हणालं.

नाझनं रुमालाला हात पुसले. "सोपं आहे. सगळे माझे म्हणून लिही. मी तसाही मेमध्ये जातोय."

"तीन टन, नाझ. एका वर्षात. तू एकट्यानं?"

"मी कष्टाळू आहे."

"आणि आता काढलं तर? एक्केचाळीस वर्षांनी हाकललेला माणूस म्हणून घरी जाशील."

त्यानं एक पास्तित्सी उचलली आणि परत ठेवली. नाझनं पास्तित्सी परत ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं, इतरांनीही, आणि सगळ्यांची भूक गेली.

उपाय सुचला तो मलाच. माझे उपाय कसे असतात हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. सरकारला वजनं हवी होती, नावं नको होती. तेव्हा येत्या रविवारी ज्याच्याकडे यंदाचा पाहुणा असेल त्यानं तो गुरांच्या बाजारात आणायचा. तिथे मेंढ्यांचं वजन करायचा पिंजऱ्याचा काटा आहे आणि काटेवाला छापील पावती देतो. कुणी काय आणलं ते विचारायचं नाही. वजन झालं की आपापला पाहुणा घरी. कागदावर फक्त एकूण आकडा. आणि नेव्ह रविवारी कुणालाच कधी दिसत नाही, त्यामुळे तेवढी चिंता नव्हती. सहीचं कसं करायचं ते सोमवारी बघू, असं ठरलं. हे गावात कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

रविवारी सकाळी साडेआठला मी बाजारात पोचले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

महिला मंडळाच्या अध्यक्ष बेव्ह ट्रेगिअर स्कोन नावाचे गोडसर पाव कापायचे सहा साचे घेऊन आल्या होत्या, एकेक साडेतीन किलोचा. त्यानं स्कोन कापला की खालचं टेबलही कापलं जातं, पण धार जात नाही, असं त्या कौतुकानं सांगत होत्या. फुटी, म्हणजे फुटबॉल, क्लबानं करंडक आणला होता. मागच्या हंगामात अंतिम सामना हरल्यावर आपल्यालाही काहीतरी असावं म्हणून ओतलेला. जिंकणाऱ्यांना मिळाला त्याहून दुप्पट मोठा. एकानं बोटीचा पंखा आणला. विराबूलपासून समुद्र दोनशे किलोमीटर आहे आणि त्याच्याकडे बोट नाही.

"मग पंखा कशाला?" मी विचारलं.

"सुरुवात कुठूनतरी करायला लागते."

एका बाईंनी डाव्या पायाचा गमबूट आणला, आत पाय घालता येईल असा. उजव्याचा साचा फुटला होता. सार्जंट हॉली आपल्या दाराची कडी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले आणि रांगेतल्या प्रत्येकाला, न विचारता, आपण आज ड्यूटीवर नाही असं सांगत पुढे सरकले.

बेव्हबाईंनी चहाचं टेबल मांडलं. फुटी क्लबानं सॉसेज भाजायला घेतली, पण तवा पाहुणा निघाल्यामुळे तो मध्येच सॉसेजसकट उचलून काट्यावर नेला. काटेवाल्यानं सॉसेज वजा करायची का असं विचारलं. मी म्हटलं, कर, मला वजाबाकी आवडते.

तासाभरात लोकांना चढाओढीचा नाद लागला. कुणाचा पाहुणा सगळ्यात जड, यावर पैजा लागायला लागल्या. हरणारे घरी जाऊन आणखी काहीतरी उपटून आणू लागले. फाटकं आली. चिमणीची टोपी आली. एका बाकाचे पाय आले आणि मागून पायांशिवायचा बाक घेऊन आजोबा आले, बसायला कुठे मिळेल म्हणून. शेडच्या दारावरची ती पाटीसुद्धा कुणीतरी स्क्रू काढून घेऊन आलं होतं. चौदा किलो.

साडेअकराला मी पावत्यांची बेरीज केली. अकरा टन चारशे किलो.

मी पुन्हा केली. तेवढीच आली. तीन टन शंभर किलो हरवले होते आणि अकरा टन चारशे सापडले होते. म्हणजे आठ टन तीनशे किलो धातू आम्ही हवेतून ओढून काढला होता. आता आम्ही बहुधा देशातली एकुलती एक अशी फौंड्री होतो, जिच्या धुराड्यात हवा शिरत होती आणि खालून ब्राँझ पडत होतं.

"ऐका," मी सॉसेजच्या टेबलावर चढून ओरडले. "यंदाचेच पाहुणे आणायचे होते. गेल्या जुलैपासून या जूनपर्यंतचे. मागचे नकोत."

"हा यंदाचाच आहे," एक जण म्हणाला.

"यावर १९७४ लिहिलंय."

"माझं जन्मसाल आहे ते."

"तू सत्तर वर्षांचा आहेस, क्लाइड."

आता कोणता पाहुणा कधीचा हे कोण सांगणार? सगळ्यांनी नाझकडे बघितलं. नाझ सकाळपासून कडेला कार्मेनशेजारी बसला होता. त्यानं स्वतः काहीच आणलं नव्हतं. त्याच्या घरचा पलंगच पाहुणा आहे आणि तो हलत नाही. तो उठला, खुर्ची ओढून काट्याशी नेली आणि बसला. तिथे बसणं म्हणजे काय हे त्याला कळत होतं. प्रत्येक पाहुणा ओळखणारा माणूस म्हणजे प्रत्येक पाहुणा ओतताना हजर असलेला माणूस. कार्मेननं त्याचा कोट धरला, मग सोडला.

"दाखवा," नाझ म्हणाला.

बेव्हबाईंचा स्कोनचा साचा त्यानं उलटा केला, अंगठा फिरवला. "फेब्रुवारी. साच्याच्या वाळूत घालायची नवीन राळ आली होती त्या आठवड्यातला, वाळू अंगावर चिकटलीये बघ. यंदाचा." फाटक: "२००३. तेव्हा आपण जरा बरं कथील आणायचो." करंडक: "यंदाचा. शुक्रवारी दुपारी ओतलेला, हात थकलेला दिसतोय." कडीला तर त्यानं हातच लावला नाही. "सार्जंट, ही तुमच्या आधीच्या सार्जंटची. तुम्ही घराबरोबर घेतलीत." दारावरची पाटी आली तेव्हा तो हसला. "१९५८. मी जन्मलो नव्हतो. पण पाठ बघा, बाजूला गाठ राहिलीये. ग्राहकाला देण्यातलं काम नाही हे. हाही पाहुणाच."

दोन तास हे चाललं. आम्ही एका बाजूला यंदाचे पाहुणे लावले आणि दुसऱ्या बाजूला इतिहास. शेवटी यंदाच्यांची बेरीज आली तीन टन साठ किलो.

चाळीस किलो कमी.

"जाऊ दे ना चाळीस किलो," कुणीतरी म्हणालं.

"कुणाच्या डोक्यावर?" बेव्हबाई म्हणाल्या. त्यांची नात बालवाडीत आहे. "केल्विन सतरा म्हणायचा. तुम्ही चाळीस म्हणणार. त्या पोरांचे केस हिरवे झाले तर मी कुणाला विचारायचं?"

तेवढ्यात फाटकातून नेव्ह पास्कोची गाडी आत आली.

इतक्या माणसांना एकाच वेळी गप्प बसताना मी प्रार्थनेतही पाहिलेलं नाही. सार्जंटनी कडी पाठीमागे धरली. फुटी क्लबाचा कप्तान करंडकावर बसला. नाझ फक्त खुर्चीत होता तसाच राहिला. नेव्ह गाडीतून उतरला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, साधारण अकरा टन पाहुणे बघितले.

"कुणाचा काही कार्यक्रम आहे का?" त्यानं विचारलं.

मी पर्यावरण अधिकारी असल्यामुळे सगळ्यांनी मला पुढे ढकललं. मी सांगितलं. वजाबाकी, ऑलिव्हंट, चौदा दिवस, परवाना, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि चाळीस किलो अजून मिळत नाहीयेत."

नेव्ह गाडीच्या मागे गेला आणि ताडपत्री बाजूला केली. "रांग आहे असं ऐकलं म्हणून आलो," तो म्हणाला. "एकट्याला उचलत नाही."

चौघांनी मिळून ते खाली घेतलं आणि मेंढ्यांच्या पिंजऱ्यात ठेवलं. अठ्ठावन्न किलो. सगळे भोवती जमले.

"काय आहे हे?" बेव्हबाईंनी विचारलं.

"कुत्रा."

"पाय पाच का?"

"एक शेपूट आहे."

नाझला लोकांनी वाट करून दिली. ही वस्तू कुणाची याचा त्याला पत्ता नव्हता; तो कामाकडे बघताना माणसांकडे बघत नाही. त्यानं कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवला, भोकात बोट घातलं, दुसऱ्या भोकात दुसरं बोट घातलं. त्याचा चेहरा दुखल्यासारखा झाला.

"मार्च," तो म्हणाला. "धातू थंड पडलेला. साचा ओला. हवा निघायला वाटच ठेवलेली नाही. कान कुठे गेले ते देवाला ठाऊक. नेव्ह, हे ज्यानं कुणी ओतलंय ना, त्याला उद्याच्या उद्या काढून टाक."

"नियमानं तसंही काढावंच लागेल," नेव्ह म्हणाला.

"कोण आहे तो?"

"मीच."

कुठेतरी एक सॉसेज तव्यावरून खाली पडलं.

मग नेव्हनं सांगितलं ते असं. पास्को आणि मुलगे या नावातल्या मुलग्यांना पास्कोंनी कधी भट्टीपाशी येऊ दिलं नाही. मुलग्यांनी ऑफिसात बसायचं. आजोबांनी वडिलांना येऊ दिलं नाही, वडिलांनी नेव्हला. वडील वारल्यावर नेव्ह दोन वर्षं दर रविवारी, कुणी नसताना, छोटी भट्टी पेटवून शिकत होता. कुत्रा हा त्याचा सातवा प्रयत्न. आधीचे सहा त्यानं वितळवले, कारण ते कुत्र्यासारखे दिसत नव्हते.

"मग हा का ठेवलास?" कार्मेननं विचारलं.

"याचं तोंड बरं आलंय."

सगळ्यांनी तोंड बघितलं. खरंच बरं आलं होतं. भाबडं, थोडं भुकेलं, अगदी नेव्हच्या घरच्या म्हाताऱ्या केल्पी कुत्र्यासारखं.

"धातू आत जायची वाट अरुंद ठेवलीस म्हणून बाकीचं बिघडलं," नाझ म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आणि शेपूट वेगळं ओतून जोडायचं असतं."

"मला कोण सांगणार होतं? तुम्ही सगळे माझ्यापासून लपून ओतत होतात." नेव्ह इतिहासाच्या ढिगाशी गेला, पाटी उचलली, मागची गाठ बघितली. "आजोबांनी हिचं बिल केलं नव्हतं. मी जुन्या वह्या बघितल्यात." मग त्यानं ती पाटी माझ्या हातात दिली. "टॅम, नियम लावायचा तर पहिला मी जातो. आणि मी गेलो तर तुझ्या कागदावर सही कोण करणार?"

"कुणी नाही."

"मग नको." तो नाझकडे वळला. "तू मेमध्ये जातोयस. तोपर्यंत रविवारी येशील का? मला साचा घालायला शिकवायला?"

नाझनं कुत्र्याकडे आणखी एकदा बघितलं. "मेपर्यंत नाही व्हायचं," तो म्हणाला. "मेनंतरही यावं लागेल."

कार्मेननं पास्तित्सीचा डबा उघडला. नाझनं दोन घेतल्या आणि एकही परत ठेवली नाही. त्यावरून बाकीच्यांनी ओळखलं की जेवायला हरकत नाही.

माझी मात्र अडचण संपली नव्हती. कुत्रा धरून बेरीज अठरा किलोनं जास्त झाली होती. आणि वजा अठरा हा आकडा सरकारी फॉर्म घेत नाही. लाल होतो आणि थांबतो. कुणीतरी शेपूट कापायला सुचवलं. नेव्ह शेपटापुढे उभा राहिला. शेवटी मी सोमवारी सगळ्या पावत्या, नेव्हची सही आणि पाहुणा म्हणजे काय यावर दीड पानाचा खुलासा असं सगळं ऑलिव्हंटकडे पाठवून दिलं.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला.

"मिस रज, अठरा किलो इकडेतिकडे हे मेंढ्यांच्या काट्याला चालून जातं. धातू गावातच आहे हे मला पटलं. हवेचा आकडा आता केल्विनच्या पद्धतीनं धरायला माझी हरकत नाही."

"म्हणजे सतरा?"

"सतरा." पेनचा आवाज. "फक्त फाइलला एक नमुना लागेल. पाहुणा म्हणजे नेमकी कशी वस्तू ते वरच्या लोकांना शब्दांवरून कळत नाहीये."

जाहीर झाला तो आकडा सतरा किलो. पुढच्या महिन्यात नगर परिषदेनं परवाना पाच वर्षांनी वाढवला. दोन नगरसेवकांनी मत दिलं नाही, कारण त्यांच्या फाटकाच्या कड्या आमच्याकडच्या आहेत आणि ते तत्त्वाचे लोक आहेत.

नमुना नाझनं ओतला. नेव्हनं वाळू चाळून दिली. काय ओतावं यावर चहाच्या सुट्टीत चर्चा झाली आणि मिस्टर ऑलिव्हंट यांचाच अर्धपुतळा करावा असं ठरलं. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मी नाझला त्यांच्या फोनवरच्या आवाजाचं वर्णन केलं, त्यावरून त्यानं कपाळ, मिशी आणि थोडासा थकलेला डावा डोळा ठरवला. नऊ किलो भरला. पोचल्यावर ऑलिव्हंटचा फोन आला. ते म्हणाले, मिशी त्यांनी मागच्याच वर्षी काढली. पुढे म्हणाले, की खात्याच्या नियमाप्रमाणे किरकोळ किमतीहून जास्त असलेली भेट ठेवून घेता येत नाही, तेव्हा फाइल बंद झाली की पुतळा परत पाठवावा लागेल. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. नाझला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, असा डोळा पुन्हा व्हायचा नाही.

म्हणून मी खालील अर्ज केला आहे.

प्रति, मा. संचालक, राज्य पर्यावरण खातं.

विषय: नऊ किलो ब्राँझच्या वर्गवारीबाबत.

महोदय,

आपल्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर श्री. ऑलिव्हंट यांच्या टेबलावर असलेली वस्तू ही भेट नाही. ती विराबूल येथील आमच्या धुराड्यातून हवेत सोडली गेली असून, वाऱ्याची दिशा अनुकूल असल्यामुळे एकशे साठ किलोमीटर प्रवास करून, लिफ्टचा वापर न करता, सदर टेबलावर येऊन बसली आहे. तरी तिची नोंद ‘भेटवस्तू’ या सदरातून काढून ‘हवेतील उत्सर्जन, स्थिरावलेले’ या सदरात घ्यावी, ती जिथे स्थिरावली आहे तिथून तिला हलवल्यास हवा पुन्हा दूषित होण्याचा धोका विचारात घ्यावा, आणि आमच्या पुढील वर्षाच्या अहवालात सतराच्या जागी सव्वीस किलो मान्य करण्यात यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
टॅमसिन रज, पर्यावरण अधिकारी